उजव्या हाताचा कठडा

“हाड जुळलंय. आता त्यांना चालवा,” एवढं बोलून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटची एक्स-रे फिल्म उजेडाकडे धरली. आमची वेळ संपली होती.

चालवा. हा शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. आई म्हणजे गॅरेजमधून दुरुस्त होऊन आलेली स्कूटर असावी, असा तो शब्द होता. स्कूटरची निदान किल्ली तरी देतात. मला एक वॉकर मिळाला, आणि त्याच्या पायांची रबरी बुचं झिजली की बदलून घ्या, अशी सूचना.

आई न्हाणीघरात पडली होती. डाव्या खुब्याचं हाड मोडलं आणि त्याच बाजूचं मनगटही. ऑपरेशन झालं, मनगटाचं प्लास्टर निघालं. डाव्या हातात काठी-वॉकर धरण्यापुरती पकड आली, अंगाचा भार पेलणारी मात्र गेली ती गेलीच. ती घरी आली, खिडकीजवळच्या पलंगावर बसली आणि तिथेच राहिली.

नोकरीत असताना माझी आई हाडांच्याच वॉर्डची सिस्टर होती. आयुष्यभर तिने एकच काम केलं, पडलेल्या माणसांना उभं करायचं. चालायचं टाळण्यासाठी पेशंट काय काय करतात याचा तिच्याइतका अभ्यास दुसऱ्या कुणाचा नसेल. तो सगळा अभ्यास तिने आता आमच्याविरुद्ध बाहेर काढला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी बेल वाजवली की तिला हमखास झोप लागायची. जेवणानंतर लगेच चालू नये असं ती म्हणे आणि उपाशीपोटी तर मुळीच चालू नये. या दोन्हींच्या मधे जो काळ उरतो त्यात तिचा रक्तदाब मोजावा लागे. रक्तदाब उत्तम निघाला की ती मशीनवर शंका घ्यायची.

फिजिओथेरपिस्ट बाई पहिल्या दिवशी हसत म्हणाल्या, “चला आजी, उभं राहू या.”

“आजी नाही, सिस्टर,” आई म्हणाली. “आणि पेशंटला उठवताना पलंगाच्या या बाजूला उभं राहतात का?”

त्या बिचाऱ्या घाईघाईने दुसऱ्या बाजूला गेल्या. पुढचा सगळा वेळ आई त्यांना पेशंट कसा धरायचा ते शिकवत होती, अर्थात बसून. जाताना बाई दारात मला म्हणाल्या, “आज माझा खूप चांगला सराव झाला.”

वॉकरवर हळूहळू नॅपकिन वाळायला लागले. मी तिला समजावलं, रागावलो, लहान मुलासारखं बक्षिसाचं आमिष दाखवलं. ती एखादं पाऊल टाकायची, माझ्याकडे बघायची आणि परत बसायची. शेवटी एका रविवारी ती म्हणाली, “हे बघ, घरातल्या घरात फेऱ्या मारायला मी काही पहारेकरी नाही. मला खाली रस्त्यावर जायचंय. पण आपल्या जिन्याला कठडा एकाच बाजूला. उतरताना तो डाव्या हाताला येतो, आणि माझा डावा हात हा असा. भिंतीकडून, उजव्या हाताला कठडा लावून दे. लगेच उतरते.”

मला एवढा आनंद झाला की ती हे कोणत्या स्वरात म्हणाली याकडे माझं लक्षच गेलं नाही. बायकोचं गेलं. स्वयंपाकघरात ती मला हळूच म्हणाली, “अहो, आईंना ठाऊक आहे, सोसायटी परवानगी देणार नाही.”

मी म्हटलं, “बघूच.” माणसाने काही शब्द फार जपून वापरावेत. त्यातला हा एक.

आमची इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. सोसायटीचे चिटणीस तळमजल्यावर राहतात. ते निवृत्त लेखापरीक्षक आहेत, म्हणजे कागदोपत्री निवृत्त आहेत. मी कठड्याचं सांगितल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

“भिंत कुणाची?” ते म्हणाले.

“आपलीच.”

“आपली म्हणजे सामाईक. आज तुम्ही कठडा लावाल, उद्या कुणी फुलदाणी लावेल. डॉक्टरांचा दाखला आणा, की तुमच्या मातोश्रींना जिना उतरता येत नाही.”

मी दाखला आणला. त्यांनी तो दोनदा वाचला. “यात म्हटलंय, जिना उतरता येत नाही. मग जे उतरूच शकत नाहीत त्यांना जिन्यात कठडा कशाला?”

मी दुसरा दाखला आणला, की आईला जिना उतरता येईल. चिटणीस म्हणाले, “उतरता येतं ना? मग प्रश्नच मिटला.”

मी स्वतः शहराच्या पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागात वरिष्ठ लिपिक आहे. माणसाला दारातून परत कसं पाठवायचं, हे मला कुणी शिकवायला नको. पण इतकं निर्मळ, इतकं निर्दोष काम मी माझ्या संपूर्ण नोकरीत पाहिलेलं नाही. रागाबरोबर मनात थोडा आदरही उत्पन्न झाला. तिसरा दाखला “कठडा असल्यास उतरता येईल” असा आणला तेव्हा ते नाइलाजाने म्हणाले, “सभेपुढे ठेवतो.”

सभेपर्यंत बातमी सगळ्या घरांत फिरली होती आणि प्रत्येकाकडे सल्ला होता. कठडा लाकडी हवा, कारण लोखंड हिवाळ्यात गार लागतं. लाकडी नको, हातात लाकडाची फास शिरते. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, कठडा हवाच कशाला, त्यांच्या आत्याने हाडं मोडल्यावर चालणं सोडलं आणि पुढे कितीतरी वर्षं मजेत जगली. त्यांचे मिस्टर म्हणाले, आत्या नव्हे, मामी, आणि मजेत वगैरे काही नव्हती. तो वाद सभेतही चालू राहिला आणि इतिवृत्तात आला.

खरा विरोध निघाला तो तिसऱ्या मजल्यावरच्या केमिस्टचा. कोपऱ्यावर त्याचं औषधाचं दुकान आहे. एरवी मितभाषी माणूस. तो उभा राहून म्हणाला, “जिना अरुंद होईल. मला मोठा फ्रीज घ्यायचाय. तो वर कसा न्यायचा?”

मी म्हटलं, “कठडा भिंतीपासून वीतभरसुद्धा पुढे येणार नाही.”

“फ्रीजही वीतभराने अडतो,” तो खाली मान घालून म्हणाला.

त्या न घेतलेल्या फ्रीजवर बराच वेळ चर्चा झाली. अखेर ठराव झाला तो असा: कठडा प्रायोगिक तत्त्वावर लावावा, तो तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंतच असावा आणि केमिस्टच्या मजल्याकडे त्याने जाऊ नये. मी विजयी मुद्रेने घरी आलो आणि आईला ठराव सांगितला. ती खिडकीबाहेर बघू लागली. तिचा डाव फसला होता, आणि तो मी फसवला याचा मला अभिमान वाटत होता. आता आठवलं की बरं वाटत नाही.

लोखंडी जाळ्या-कठडे करणारा फॅब्रिकेटर आला. पाइप चांगला होता, रंग चिटणिसांनी पसंत केलेला होता. भिंतीत भोकं पाडायला सुरुवात झाली. पहिल्या मजल्याच्या वळणावर ड्रिल जरा आत गेलं आणि भिंतीतून पाणी आलं. आलं म्हणजे पाझरलं नाही. फॅब्रिकेटर समोरच्या दारापर्यंत मागे सरकला. गच्चीवरच्या टाकीतून सगळ्या घरांना जाणारी नळी त्या भिंतीत होती. इमारतीचा कोणताही नकाशा ती तिथे आहे असं म्हणत नव्हता, पण पाणी काही नकाशा वाचत नाही.

मुख्य झडप बंद होईपर्यंत अख्खी टाकी जिन्यावरून रस्त्यावर गेली. सगळे दारांत उभे. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, “तुम्ही पाणी खात्यात ना हो?” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. त्यांच्या मिस्टरांनी कर्तव्य म्हणून तक्रार विभागाला फोन लावला. तिथून त्यांना सांगण्यात आलं की साहेब जागेवर नाहीत. साहेब त्या वेळी दोन हातांत दोन बादल्या घेऊन त्यांच्याच दारात उभे होते.

प्लंबर दुसऱ्या दिवशी येणार होता. तोपर्यंत प्रत्येक घरी पाणी पोचवणं ही माझी नैतिक जबाबदारी आहे, असं चिटणिसांनी शांतपणे सांगितलं. खालच्या नळावरून मी बादल्या भरत होतो आणि वाहत होतो. फिजिओथेरपिस्ट बाई आल्या, मला बघून म्हणाल्या, “वा, पाठीचा कणा ताठ ठेवा,” आणि वर गेल्या.

केमिस्टकडच्या बादल्या तेवढ्या राहिल्या होत्या. आमच्या दारावरून चार पायऱ्या चढलो असेन. पायरी ओली होती आणि चपलेचा तळ गुळगुळीत झालेला. मी, बादल्या आणि उरलासुरला मान, तिन्ही खाली आलो. बादल्या पुढे निघून गेल्या. मी आमच्याच दारासमोर पाय वाकडा करून पडलो, आणि तोंडातून असा काही आवाज निघाला की तो माझाच आहे हे मला नंतर पटवून द्यावं लागलं.

लोक धावले. कुणी काखेत हात घातले, कुणी पाय ओढायला लागलं. तेवढ्यात माझ्या डोक्यामागून आवाज आला, “हात काढा. कुणी हलवायचं नाही त्याला.”

आई दारात उभी होती. वॉकर धरून. नॅपकिन अजून त्याच्यावरच होते. पलंगापासून दारापर्यंत ती कुणाच्याही आधाराशिवाय आली होती आणि हे तिच्यासकट कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिने फिजिओथेरपिस्ट बाईंना खाली बसायला लावलं, घोटा तपासायला सांगितलं, दोन फुटपट्ट्या आणि ओढणी मागवली, बाईंकडून पाय बांधून घेतला. केमिस्टला रिक्षा आणायला पिटाळलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मोडलाय. रडायचं असेल तर रड, पण पाय हलवू नकोस.”

घोट्याला प्लास्टर बसलं. खिडकीजवळच्या दुसऱ्या पलंगावर मी पडलो. काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले, कुबड्या घेऊन उभे राहा. मी म्हटलं, उद्या बघू. जेवण झाल्यावर म्हटलं, आत्ताच जेवलोय. आई शेजारून सगळं ऐकत होती. तिने मला एका शब्दानेही टोकलं नाही, आणि तेच मला झोंबत होतं.

एकदा दुपारी बायको कामावर गेल्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, “आई, मला भीती वाटते गं. पाय टेकला की पुन्हा तो आवाज येईल असं वाटतं.”

“वाटतं,” ती म्हणाली.

“तुलाही हेच होत होतं ना?”

ती पांघरुणाची घडी करत होती. ती संपवून बाजूला ठेवली.

“पडायची भीती नव्हती मला. पडले होतेच की. न्हाणीघरात तुम्ही येईपर्यंत फरशीवर पडून होते, नळ चालू होता. पायात काय मोडलंय तेही कळलं होतं. म्हटलं, येतील आता. मग तू दार उघडलंस.” तिने घडीवरून हात फिरवला. “वॉर्डात इतकी वर्षं गेली. नातेवाइकांचे चेहरे मला वाचता येतात. माणूस गेलं असं समजून आत येतात ना, तसा तुझा चेहरा होता. मी जिवंत होते, तुझ्याकडे बघत होते, तरी तो लवकर बदलेना. आणि आता मी पाऊल उचललं की तू परत तसाच बघतोस. मला माझा पाय दिसत नाही, तुझा चेहरा दिसतो. मग मी बसते.”

मी तर समजत होतो की मी तिला धीर देतोय.

“मग मी काय करू?” मी विचारलं.

“बघू नकोस,” ती म्हणाली. “आणि आता ऊठ. चांगला पाय आधी.”

मी उठलो. आवाज आला नाही. ती मात्र मुद्दाम भिंतीकडे बघत बसली होती.

केमिस्ट रोज संध्याकाळी माझी चौकशी करायला येई. त्याच्या बादल्यांपायी मी पडलो हे त्याच्या मनाला लागलं होतं. एकदा बसला असताना म्हणाला, “खरं सांगू का, फ्रीज वगैरे काही घ्यायचा नव्हता. आमची आई आहे ना, बाबा गेल्यापासून ती खाली उतरलेली नाही. कठडा वरपर्यंत आला तर ती उतरायचं म्हणेल. मी दिवसभर दुकानात. पडली तर?”

आईने विचारलं, “पाय कसे आहेत त्यांचे?”

“पाय तसे बरे आहेत. डोळ्यांना थोडं कमी दिसतं. मीच म्हणतो, राहू दे, काय लागेल ते वर आणून देतो.”

“सगळं आणून देतोस?”

“सगळं.”

आईने मान हलवली. वॉर्डात ती अशी मान हलवून पुढच्या पलंगाकडे जात असे.

प्लंबरने नळी बदलली, फॅब्रिकेटरने या वेळी भिंतीला कान लावून भोकं पाडली आणि आमच्या दारापर्यंत कठडा पूर्ण झाला. प्रयोग यशस्वी झाला की नाही ते पाहायला चिटणीस जातीने वर आले. बायको आणि फिजिओथेरपिस्ट बाई जिन्यावर उभ्या राहिल्या. मला आत थांबायचा हुकूम होता. मी पलंगावर बसून फक्त कानांनी हजर होतो.

वॉकर दाराशी टेकवून ठेवल्याचा आवाज आला. मग काठीचा. मग चिटणीस म्हणाले, “बाई, कठडा इकडे. खाली जायचा जिना या बाजूला.”

“ठाऊक आहे मला,” आई म्हणाली. “चढताना जुना कठडा उजव्या हातालाच येतो.”

ती वर गेली. सावकाश, मधे थांबत, बायको एक पायरी मागे ठेवून. तिसऱ्या मजल्यावर दार वाजलं, उघडलं, आणि एक म्हातारा आवाज म्हणाला, “कोण? औषध का?”

“नाही,” आई म्हणाली. “पाहुणी.”

आई तीन रात्री वरच राहिली. चौथ्या संध्याकाळी केमिस्ट खाली आला तो भांबावलेला होता. “सिस्टर आमच्याकडेच आहेत. अजूनही खाली यायचं नाही म्हणतात. उतरताना उजव्या हाताला काही नाही ना. मी म्हटलं, आम्ही चौघं खुर्चीतून उचलून आणतो. तर म्हणाल्या, मी काय फ्रीज आहे?”

मला हसू आलं, पण त्याची अवस्था बघून ते मी कुबडीकडे वळवलं. आईने त्याच्या घरातली जाजमं गुंडाळून ठेवली होती, खुर्च्या भिंतीला लावायला सांगितल्या होत्या. त्याच्या आईने आपला अर्धा पलंग तिला दिला होता. केमिस्ट स्वतः दिवाणखान्यात सतरंजीवर. दोघी सकाळी उठून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायच्या, एकमेकींना धरून. “आमची आई आणि हसते,” तो म्हणाला, आणि हे सांगताना तो जरा घाबरलेला दिसत होता.

मग तो जे म्हणाला ते मी मुद्दाम परत म्हणायला लावलं. “चिटणिसांकडे अर्ज द्यायला तुम्ही याल का माझ्याबरोबर? कठडा वरपर्यंत हवा.”

कुबड्यांवर दोन मजले उतरणं माझ्या तब्येतीला मानवणारं नव्हतं, तरी गेलो. वाटेत उजव्या हाताला नवा कठडा होता. त्यावर मी अंग टाकत उतरलो आणि मनाशी कबूल केलं की कामाची वस्तू आहे. चिटणिसांनी चष्मा पुसला. “मागच्या सभेत विरोध तुमचाच होता. कारण?”

केमिस्ट म्हणाला, “चूक.”

चिटणिसांच्या संपूर्ण कारकिर्दीत या रकान्यात हा शब्द आला नसावा. त्यांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. मग म्हणाले, “ठीक आहे. लावा. फक्त भिंतीला आधी कान लावा.”

फॅब्रिकेटरला वेळ मिळेपर्यंत आई वरच राहिली. मी रोज आमच्या दाराशी, वर जाणाऱ्या जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून हाक मारायचो आणि ती वरून विचारायची, “आज किती वेळ उभा होतास?” मी खोटं सांगितलं तर तिला कळत असे.

कठडा वरपर्यंत लागला त्या सकाळी दोघी खाली उतरायच्या होत्या, रस्त्यापर्यंत. निरोप आला की बायको एक पायरी पुढे राहील, बाकी कुणीही जिन्यात दिसता कामा नये, मुलांनी तर मुळीच नाही. केमिस्ट दुकान उघडून परत आला होता. तो आमच्याकडे येऊन बसला. मी दार लावून घेतलं. पन्नाशीतले दोन पुरुष, एकाचा पाय प्लास्टरमध्ये, बंद दाराकडे बघत.

वरून काठी टेकल्याचा आवाज आला. मग थांबला.

“थांबल्या का?” केमिस्ट म्हणाला.

“विसावा घेत असतील.”

“आवाज का येत नाही?”

तेवढ्यात आईचा आवाज आला. “दुखरा पाय आधी खाली. माझा. तुमचा कुठलाही टाका.” त्यावर दुसऱ्या बाई काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. पावलं आमच्या मजल्यावर आली, दारासमोरून गेली. केमिस्टने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. मीही कडीकडे जाणारा हात मागे घेतला. पावलं खालच्या वळणाला लागली, लहान होत गेली, आणि मग ऐकू येईनाशी झाली.

खाली फाटक करकरलं.

“पोचल्या,” मी म्हटलं.

त्याने रुमालाने कपाळ टिपलं आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग एकदम माझ्याकडे वळला.

“अहो, रस्ता ओलांडू नका म्हणून सांगायचं राहिलं.”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतं का?”

त्याने विचार केला. “नाही,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघं तिथेच, दार न उघडता, बसून राहिलो.